शेवंताबाईंच्या ओटीतलं फेनिग

आमच्या घरात जमिनीपासून कमरेपर्यंत काहीही ठेवलेलं नाही. पूर्वी होतं, पण सायली रांगायला लागली तसं मी एकेक वर चढवत गेले. आधी चपला, मग रिमोट, मग खालच्या कप्प्यातले डबे. आता ती धरून धरून चालते, म्हणून कमरेचं सामान खांद्यापर्यंत गेलंय. माझा नवरा विश्वजीत म्हणतो, "ही शाळेत जाईस्तोवर आपण सगळे माळ्यावर राहायला गेलेलो असू."

त्याला हसायला काय जातं? सायलीच्या तोंडातून शर्टाचं बटण, तुळशीतला खडा, एक मुंगळा आणि सासूबाईंच्या माळेतला मणी काढलाय तो मीच. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं म्हणणं, पोरं अशीच मोठी होतात. होत असतील. पण मला ती माझ्या डोळ्यांसमोर मोठी झालेली हवी.

आणि अशा या घरात मला नाद आहे नाण्यांचा. तोही बारीक, चिमुकल्या, पोराच्या घशात बरोब्बर अडकतील अशा जर्मन नाण्यांचा.

हे लागलं विश्वजीतमुळं. रांजणगावला त्याच्या कंपनीत नवीन मशीन बसवायला जर्मनीचे एक वयस्कर इंजिनियर आले होते. त्यांना त्यानं घरी जेवायला आणलं. ठेचा खाऊन ते लालबुंद झाले, पण पुन्हा मागून घेतला. पुढच्या खेपेला येताना त्यांनी माझ्यासाठी एका पिशवीत जुनी नाणी आणली. आपला जसा रुपया-पैसा, तसा त्यांचा मार्क आणि फेनिग. युरो आला आणि ते बंद पडलं. घराघरात ड्रॉवरमध्ये नुसतं पडून आहे, म्हणाले.

मी सहज भिंग लावून बघायला बसले आणि अडकले. महायुद्धात देशाचा चुराडा झाल्यावर त्यांनी ही नाणी पाडली. एक, दोन, पाच, दहा फेनिगवर ओकच्या झाडाची डहाळी. आणि कुठंतरी एवढंसं एक अक्षर. D असेल तर नाणं म्युनिकच्या टांकसाळीतलं, F म्हणजे स्टुटगार्ट, G कार्ल्सरूह, J हॅम्बुर्ग. शिरूरच्या कॉलेजात बीएस्सीला तासन् तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे, तशी मी आता सायली झोपली की बसते. तेवढा वेळ माझं काळीज जागेवर असतं.

आत्यांना हे मुळीच पटत नाही.

"बंद पडलेल्या पैशाला येवढं कुणी पुसत बसतं का?"

"पुसत नाही आत्या. पुसायचं नसतं, किंमत जाते."

"म्हंजी पुसायचंबी न्हाई, खर्चायचंबी न्हाई. मग भंगारवाल्याला तरी घाल."

त्यातलं माझं सगळ्यात लाडकं नाणं पन्नास फेनिगचं. त्याच्यावर डहाळी नाही, एक बाई आहे. डोक्याला फडकं बांधलंय, गुडघा टेकलाय आणि ती जमिनीत रोप लावतेय. एकोणीसशे पन्नास सालचं हे नाणं चारही टांकसाळींचं मिळवायचं, असं मी ठरवलं होतं. तीन मिळाली. पुठ्ठ्याच्या चौकटीतलं चौथं भोक कित्येक महिने रिकामं होतं. J काही सापडत नव्हतं. शेवटी आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधल्या नाशिकच्या एका सरांनी माझ्याकडच्या जादा नाण्यांच्या बदल्यात ते द्यायचं कबूल केलं.

पाकीट आलं त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ते उघडलं, भिंग लावलं. J! मी एकटीच हसले. तेवढ्यात सायलीनं माझा गाऊन ओढून पाकिटाला हात घातला आणि दारातून आवाज आला, "हायेत का विहीणबाई घरात?"

दौंडच्या शेवंताबाई! माझी नणंद अंकिता गेल्या वर्षी दौंडला दिली, तिच्या सासूबाई. शिरूरला कुणाच्या तरी साखरपुड्याला आल्या होत्या, जाता जाता आमच्याकडं डोकावल्या. आता विहीणबाई न सांगता दारात म्हणजे घरात काय धांदल उडते, ते सांगायला नको. एका हातात सायली, दुसऱ्या हातात नाणं. मी घरातली सगळ्यात उंच आणि सुरक्षित जागा शोधली. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर कुंकवाची ताटली असते, त्यात नाणं ठेवलं आणि पोहे भिजवायला पळाले.

शेवंताबाई बसल्या, बोलल्या. त्यांची दौंडजवळ रोपांची नर्सरी आहे. झेंडू, शेवंती, टोमॅटो, मिरची, सगळी रोपं तयार करून देतात. बोलता बोलता लग्नातल्या खणाचा विषय निघालाच. मानपानात आमच्याकडून त्यांना जो खण गेला, त्याला आतल्या घडीत एक भोक निघालं होतं. बिचाऱ्या कधी भांडल्या नाहीत. फक्त प्रत्येक भेटीत एकदा त्या खणाची आठवण काढतात.

"आता तो खण मी फडताळात तसाच ठेवलाय," त्या पोहे खाता खाता म्हणाल्या. "म्हणलं असू दे, आठवण हाय."

आत्या चहा ओतता ओतता लाल झाल्या. निघताना त्यांनी ओटी भरली. खण दोनदा उलगडून, उजेडाला धरून बघितला. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर रुपया. सायलीला कडेवर घेऊन मी शेजारीच उभी होते, पण माझं लक्ष सगळं तिच्या हाताकडं. तिला सुपारी हवी होती.

संध्याकाळी मी ताटली खाली काढली. नाणं नव्हतं.

फळी बघितली, देव उचलून बघितले, खाली जमिनीवर झोपून कपाटाखाली बॅटरी मारली. सायली माझ्या पाठीवर बसून टाळ्या वाजवत होती. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला घाम फुटला. ती स्टुलाला धरून उभी राहते. स्टूल देव्हाऱ्याजवळ होतं. समजा, ताटली हलली... समजा, नाणं खाली पडलं...

मी फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि सायलीच्या पोटावर धरलं. ती खदखदून हसायला लागली. चुंबक कुठंच चिकटलं नाही म्हणून मला जरा बरं वाटलं, आणि मग आठवलं की लहान फेनिगमध्ये लोखंड असतं, पन्नासचं तांबं-निकेलचं. ते चुंबकाला चिकटतच नाही! आणि म्हणे मी बीएस्सी!

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला. फोटो आला, तो त्यांनी खिडकीकडं धरला आणि म्हणाले, "पोटात गॅस आहे. जर्मनी कुठं दिसत नाही."

मी तिथंच रडायला लागले. विश्वजीतनं सायलीला माझ्याकडं दिलं आणि तो फोटो घडी न पडता घरी कसा न्यायचा हे बघत बसला. त्याला असल्याच गोष्टी सुचतात.

घरी आल्यावर आत्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि पहिल्यांदाच नीट विचारलं, "व्हतं तरी कसलं ते? केवढं?"

"रुपयाएवढं. रुपयासारखंच पांढरं."

"आन् ठेवलं व्हतंस कुठं?"

"कुंकवाच्या ताटलीत."

आत्या खाली बसल्या.

"अगं, ताटलीत एक रुपया व्हता. मी म्हणलं, सुनेनं ओटीसाठी काढून ठेवलाय, किती ध्यान हाय पोरीला!"

"आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"चष्मा कुठं व्हता माझा? तूच ठेवलास वर, पोरगी काड्या चावती म्हणून!"

खरं होतं. चष्मा मीच ठेवला होता, फ्रिजच्या वर.

क्षणभर मला नुसता आनंद झाला. नाणं पोटात नव्हतं, ओटीत होतं. मग आत्यांचा चेहरा बघितला आणि आनंद ओसरला.

"खोटं नाणं," त्या हळूच म्हणाल्या. "विहिणीच्या ओटीत न चालणारं नाणं घातलं मी. आधी भोकाचा खण, आन् आता ह्ये. माझ्या अंकिताला जलमभर ऐकावं लागंल, हर्षदा."

"खोटं नाही आत्या, जुनं आहे. आपण फोन करून सांगू, चुकून—"

"काय सांगशील? आमचं आम्हाला परत द्या? ओटीत घातलेलं परत मागतात का कुठं? त्यापेक्षा ते खोटं ऱ्हायलेलं बरं."

मी गुपचूप अंकिताला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम तिचा आवाज बारीक झाला.

"वहिनी, सासूबाईंनी ते बघितलंय गं. माझ्या दिराला, हृतिकला दाखवत होत्या. हे कसलं म्हणून फोनमध्ये फोटो काढून शोधायला लावलं. मला काही बोलल्या नाहीत. पण शुक्रवारी आमच्याकडं हळदीकुंकू आहे आणि त्या म्हणाल्या, विहीणबाईंनी काय दिलंय ते सगळ्या बायकांना दाखवायचंय."

"कशा म्हणाल्या? रागानं?"

"त्यांचं कळतंय का! खणाचंही त्या हसूनच सांगतात."

झालं. आत्यांनी जेवण सोडलं. मग अर्ध्या तासानं एक भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "शुक्रवारी आपून दौंडला जायचं. बोलावणं न्हाई तर न्हाई."

त्या बसमध्ये बसेपर्यंत मी एक योजना आखली होती. नवा रुपया आणि पन्नास फेनिग आकारानं सारखेच. मी एक कोरा रुपया मुठीत ठेवणार. शेवंताबाई चहाला आत गेल्या की आत्या त्यांना बोलण्यात गुंतवणार, आणि मी नाणं जिथं असेल तिथून बदलणार. मग कितीही बायकांना दाखवू देत. दाखवायला रुपयाच असणार! आणि J माझ्या चौकटीत. एका दगडात सगळंच.

"आन् सापडलं न्हाई तर?" आत्यांनी विचारलं. त्यांच्या मांडीवर सायलीची दुपटी, पाण्याच्या दोन बाटल्या, औषधाची पिशवी आणि माझ्या आग्रहाखातर तो एक्स-रेही होता. का, ते मलाही सांगता येणार नाही.

बस इनामगावच्या बाजूनं चालली होती. मी म्हणाले, "इथं उकरून हजारो वर्षांपूर्वीची मडकी काढलीत, आत्या. आपलं परवाचं नाणं नाही का सापडणार?"

"मडक्यांना विहीण नव्हती," आत्या म्हणाल्या.

शेवंताबाईंचं घर नर्सरीतच आहे. हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे मांडलेले, त्यातल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा ओलसर वास. सायलीनं लगेच मूठभर कोकोपीट उचललं, मी तिची मूठ उघडली, तिनं दुसऱ्या हातानं उचललं. अशीच झटापट करत मी ओसरीत शिरले तर आत बायकाच बायका. आम्हाला उशीर झाला होता.

"या, या विहीणबाई!" शेवंताबाई उठल्या. "तुमचीच वाट बघत व्हते. मनातलं वळखलंत जणू."

माझी नजर सगळीकडं फिरली. नाणं शोधायला लागलंच नाही. देवांसमोरच्या पाटावर, तांदळाच्या छोट्या राशीवर ते ठेवलेलं होतं. आणि त्यावर हळद-कुंकू. चांगलं बोटभर! जमवणाऱ्या माणसाचं त्या क्षणी काय होतं, ते दुसऱ्या जमवणाऱ्यालाच कळेल. त्या एवढ्याशा J वर कुंकू बसलं होतं.

मुठीतला रुपया घामानं ओला झाला. एवढ्या बायकांसमोर कसला बदलायचा?

शेवंताबाईंनी नाणं उचललं. "बायांनो, ह्या आमच्या शिरूरच्या विहीणबाई. ह्यांनी परवा माझ्या ओटीत काय घातलं, बघा."

अंकिता दारातच थबकली, हातात हळदीकुंकवाचं तबक तसंच. आत्यांनी माझा दंड पकडला. मला वाटलं, आता सांगून टाकावं, माझी चूक, मी ठेवलं होतं तिथं. मी तोंड उघडलंही.

"ही बघा," शेवंताबाई नाणं शेजारणीच्या नाकाशी नेत म्हणाल्या. "डोक्याला फडकं, गुडघा टेकलेला, हातात रोप. कोण हाय ही?"

शेजारीण बघत राहिली. "अगं बया! शेवंते, ही तर तूच!"

"मीच की! जर्मनीचं हाय म्हणं, आमच्या हृतिकनं शोधलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं जुनं. आता सांगा, कुणाच्या विहिणीनं असं शोधून शोधून आणलंय ओटीत घालायला? रुपया तर कुणीबी घालतं."

नाणं हातोहात फिरायला लागलं. मला दिसत होतं, प्रत्येकीचा अंगठा त्याच्यावरून फिरत होता. माझा दंड सुटला. आत्यांनी पदर सारखा केला आणि पापणीही न हलवता म्हणाल्या, "मग! म्हणलं, विहीणबाई रोपांच्या धंद्यातल्या. त्यांना शोभंल असंच द्यावं. आमच्या हर्षदाला सांगूनच ठेवलं व्हतं, मिळंल तवा मिळंल, पर घेऊन ठेव."

मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"फक्त एक हाय," शेवंताबाई नाणं परत आल्यावर डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "हिला रोप लावता येत न्हाई. बघा की, नुसतं धरून बसलीय. मुळाशी माती दाबायची सोडून बघत बसली तर रोप लागायचं कसं? येवढ्या वेळात मी अर्धा वाफा लावला असता."

"त्यांच्याकडं मजुरी जास्त असंल," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

मग मला मध्ये बसवून त्यांनी विचारलं, ते रोप कशाचं? मी सांगितलं, ओक म्हणून झाड असतं, फार मोठं होतं, फार वर्षं जगतं. लढाईत त्यांची गावंच्या गावं पडली होती, तेव्हा नव्या नाण्यावर काय छापायचं, तर हे छापलं. बायका ऐकत होत्या. घरी कुणी मला फेनिगवर इतका वेळ बोलू दिलेलं नाही.

हळदीकुंकू आटपलं, बायका पांगल्या. सायली अंकिताच्या कडेवर पेढा चाटत होती. शेवंताबाईंनी नाणं पाटावर ठेवलं आणि वळून माझ्याकडं बघितलं.

"हर्षदा, आल्यापासनं तुझी नजर त्याच्यावरनं सुटंना झालीय. खरं सांग, तुझ्या आवडीचं हाय का ते?"

मी खोटं बोलू शकले नाही. "मला जमवायचा नाद आहे, मावशी. असली तीन आहेत माझ्याकडं. हे चौथं होतं."

"म्हंजी तुझ्यातलं काढून दिलं व्हय माझ्या ओटीत?" त्यांनी नाणं पुन्हा उचललं आणि माझ्यापुढं धरलं. "मग घे. घेऊन जा. मला काय, मी बघितलं, गाव बघितलं. तुझी जोडी पुरी व्हऊ दे."

ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. कुंकू थोडं पुसलं गेलं होतं आणि मला वाटलं, अक्षरही दिसतंय. कोपऱ्यात आत्या सायलीची दुपटी उगाच घडी करत होत्या. घडी केलेलीच परत करत होत्या. अंकिता पेढा भरवायचं थांबली होती.

मी मूठ उघडली नाही. आत रुपया होता आणि तो आता मला फार लाजिरवाणा वाटायला लागला होता.

"ओटीतलं परत घेतात का मावशी?" मी म्हणाले. "ते तुमचंच आहे. मी बघायला येत जाईन."

शेवंताबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. नाणं तांदळावर ठेवलं. मग फडताळ उघडून तो लग्नातला खण बाहेर काढला, आत्यांसमोरच कात्रीनं त्याचे चौकोन कापले आणि म्हणाल्या, "नव्या रोपांच्या कुंड्यांखाली घालायला असलंच कापड लागतंय मला." आत्या आधी चमकल्या, मग दोघी जणी अशा हसल्या की सायलीही घाबरून हसायला लागली.

निघताना आमच्या दोघींच्या ओट्या भरल्या. वर झेंडूच्या रोपांचा एक अख्खा ट्रे.

बसमध्ये खिडकीशी बसून मी ओटीतलं सामान पिशवीत भरत होते. सायलीनं त्यातला रुपया पटकावला आणि तोंडाकडं नेला. मी झडप घातली. रुपया माझ्या हातात आला आणि सवयीनं मी त्याच्यावर कुठं अक्षर आहे का बघायला लागले. सालाच्या खाली एक चिमुकला चौकोन, पतंगासारखा उभा. म्हणजे मुंबईची टांकसाळ. आपल्या नाण्यांवर अशी खूण असते हे मी ग्रुपवर कितीदा वाचलं होतं, पण रोज हातातून जाणारा रुपया असा कधी थांबवून बघितला नव्हता. मग पर्समध्ये टाकलेला, माझ्या फसलेल्या योजनेचा रुपया काढला. त्याच्यावर तारा होता. हैदराबाद.

घरी जाऊन चौकटीतल्या चौथ्या भोकात दौंडच्या ओटीतला रुपया बसवून बघायचं ठरवलं. बसेल. आकार सारखाच आहे, म्हणून तर एवढं सगळं झालं.

इनामगाव मागं पडलं. आत्या मघापासून काहीतरी विचार करत होत्या. रोपांचा ट्रे मांडीवर नीट करून त्यांनी माझ्याकडं वाकून विचारलं, तेही इकडंतिकडं बघत, जणू बसमध्ये कुणी ऐकतंय.

"हर्षदा, ते नाशिकचे सर हायेत ना तुझे. त्यांच्याकडं असली बाई अजून असंल का गं एखादी?"

"कशाला?"

"पुढच्या महिन्यात मांडवगणच्या जाऊबाई येणार हायेत," आत्या म्हणाल्या. "त्यांचीबी ओटी भरावी लागंल."